एवढ्यात बसवायचे गणित

लष्करच्या दालबाजारात घटकाभर उभे राहून नुसते बोलणे ऐकावे. ‘पाचशेच्या आत बसवा’, ‘दहा किलोच्या खाली हा भाव मिळणार नाही’, ‘निदान दोन किलो तरी घ्या’, ‘फार तर चार रुपये सोडू’. बोलणे हिंदीत चालो की मराठीत, त्याचा घाट हाच. ‘इतके म्हणजे इतकेच’ असे तेथे क्वचितच कोणी म्हणतो. शाळेच्या फळ्यावर मात्र सगळा कारभार दोन आडव्या रेघांचा, म्हणजे ‘बरोबर’च्या चिन्हाचा. मुलगा दहा वर्षे ‘बरोबर’ शिकतो आणि पिशवी घेऊन बाजारात गेला की त्याला ‘आत’, ‘वर’, ‘निदान’ आणि ‘फार तर’ हेच शब्द भेटतात.

या शब्दांचेही एक गणित आहे. मराठीत त्याला रेषीय असमानता म्हणतात. आपल्याकडील मुलांच्या हिंदी पुस्तकांत अकरावीला ते ‘रैखिक असमिकाएँ’ या नावाने येते. नाव ऐकताच घरातली वडील मंडळी कपाळाला आठ्या घालतात आणि ‘याचा संसारात उपयोग काय?’ असे विचारतात. खरे पाहता, संसारात उपयोग नाही असे ज्या गणिताविषयी मुळीच म्हणता येणार नाही, ते हेच होय.

गाणे शिकवणाऱ्याने गणितात नाक का खुपसावे, असेही कोणी विचारील. आमचा तर व्यवसायच मर्यादांचा आहे. समजा, मैफलीत पाऊण तास वाट्याला आला. विलंबित ख्यालाला निदान २५ मिनिटे हवीत, द्रुताला निदान १०. मग विलंबित किती वेळ गावा? याला एक उत्तर नाही. २५ मिनिटांपासून ३५ मिनिटांपर्यंत कोणताही काळ चालेल. उत्तर म्हणजे येथे एक ठिपका नसून एक पट्टी आहे. पट्टीची दोन टोके गणिताने ठरवून दिली. तिच्यात कोठे थांबायचे ते गाणाऱ्याने ठरवावयाचे. शाळेतल्या मुलांना नेमके हेच चमत्कारिक वाटते. ‘उत्तर किती आले?’ या प्रश्नाला ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असे म्हणावयाचे, हे त्यांना उत्तरच वाटत नाही.

झुकते माप

समीकरण समजावताना मास्तर तराजूचे उदाहरण देतात. काटा मध्यावर, दोन्ही पारडी सारखी. परंतु चांगल्या दुकानदाराचा तराजू असा कधी राहत नसे. एका पारड्यात वजन ठेवावयाचे, दुसऱ्यात डाळ ओतावयाची आणि डाळीचे पारडे किंचित खाली गेले की मगच ती पिशवीत रिकामी करावयाची. याला आपण ‘झुकते माप’ म्हणतो. त्याचा नियम असा की डाळ वजनाइतकी असेल किंवा अधिक असेल, कमी मात्र असणार नाही. ही शुद्ध असमानता होय, आणि बाजारातली पतही तिच्यावरच उभी राहते. पूर्वी ८० तोळ्यांचा शेर होता, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, आणि ४० शेरांचा मण. १९५८ च्या ऑक्टोबरपासून दशमान वजने येऊ लागली आणि १ एप्रिल १९६२ पासून ती सक्तीची झाली. वजने बदलली, झुकत्या मापाचा अर्थ बदलला नाही.

असमानतेचे सगळे नियम या तराजूत दिसतात. झुकलेल्या तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखीच भर घातली, तर झुकाव होता त्याच बाजूला राहतो. दोन्हीकडचे दुप्पट केले, निम्मे केले, तरी तोच. मात्र पारड्यांची अदलाबदल केली की झुकाव उलटतो. मुलांचे गुण जातात ते येथे. दोन्ही बाजूंना ऋण संख्येने गुणले की चिन्ह उलटे करावे, असे पुस्तक सांगते. का, हे क्वचितच सांगते. कारण वहीखात्यात आहे. पाच रुपये तीन रुपयांपेक्षा अधिक खरे. पण पाच रुपयांचे कर्ज असलेला माणूस तीन रुपयांचे कर्ज असलेल्यापेक्षा गरीब. जमेच्या बाजूला जो वरचढ, तोच नावेच्या बाजूला गेला की खाली जातो. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्तात’ या संख्यांचे नियम सांगितले, तेही ‘धन’ आणि ‘ऋण’ या शब्दांतच.

‘पेक्षा लहान’ आणि ‘पेक्षा मोठे’ ही आजची टोकदार चिन्हे इंग्रज गणिती थॉमस हॅरियट याच्या ग्रंथात प्रथम छापली गेली. तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १६३१ मध्ये निघाला. मोठे किंवा बरोबर, लहान किंवा बरोबर, अशी जोडचिन्हे फ्रान्समधल्या पिएर बूगेर याने १७३४ मध्ये वापरली. बाजाराला ‘निदान’ आणि ‘फार तर’ हे शब्द त्याच्या किती आधीपासून पुरत होते!

कोपऱ्यावरचे दुकान की दालबाजार?

आता एक रोजचा प्रश्न घेऊ. येथले आणि पुढले भाव हिशेबाच्या सोयीचे आहेत, आजचे नव्हेत. कोपऱ्यावरच्या दुकानात तूरडाळ १३० रुपये किलो. दालबाजारात तीच ११२ रुपये, पण जाण्या-येण्याचे भाडे ९० रुपये. दालबाजारात जाणे केव्हा परवडेल?

किती किलो घ्यावयाची ते ठाऊक नाही. तिला ‘क्ष’ म्हणू. दालबाजारचा खर्च क्षच्या ११२ पट अधिक ९०. कोपऱ्यावरचा खर्च क्षच्या १३० पट. पहिला दुसऱ्यापेक्षा कमी हवा. दोन्ही पारड्यांतून क्षची ११२ पट काढून घेतली की उरते ते असे: ९० हे क्षच्या १८ पटीपेक्षा कमी हवेत. म्हणजे क्ष ५ पेक्षा अधिक हवा. पाच किलोला दोन्ही दुकाने सारखी. त्याखाली कोपऱ्यावरचा दुकानदार बरा, त्यावर दालबाजार.

एकट्या घराला महिन्याला दोन किलो लागत असेल, तर ‘बाजारात स्वस्त मिळते’ म्हणून तेथवर जाणारा माणूस खिशातले ५४ रुपये घालवून येतो. तिघा शेजाऱ्यांनी मिळून सहा किलो आणली, तर १८ रुपये वाचतात. पाच घरांनी मिळून दहा किलो आणली, तर ९०. वाड्यांतून एकत्र राहणारी बिऱ्हाडे वर्षाचे धान्य मिळून भरीत, त्यामागे हेच गणित होते. ते कोणी मांडून दाखवीत नसे, इतकेच.

अशा उदाहरणांत शेवटची पायरी फार महत्त्वाची, आणि ती गणिताची नसून शहाणपणाची. सातशे रुपयांत १२० च्या भावाने किलोच्या किती पिशव्या येतील? भागाकार सांगतो, पावणेसहाहून थोड्या अधिक. जवळचा पूर्णांक सहा. पण सहा पिशव्यांना ७२० रुपये पडतात आणि दुकानदारासमोर वीस रुपये कमी पडतात. म्हणून उत्तर पाच. उलट, ९५ मुलांना सहलीला न्यावयाचे आहे आणि बस ४० जणांची आहे. भागाकार दोनहून थोडा अधिक. येथे जवळचा पूर्णांक दोन धरला, तर पंधरा मुले रस्त्यावर राहतात. म्हणून उत्तर तीन. ‘फार तर’ असेल तेथे खाली उतरावे, ‘निदान’ असेल तेथे वर चढावे. प्रश्नातला शब्द जो नीट वाचतो, त्याला हा नियम पाठ करावा लागत नाही.

पंगत एक, कोपरे तीन

एका वस्तूचा हिशेब पट्टीवर मावतो. वस्तू दोन झाल्या की कागद लागतो. गुरुपौर्णिमेची पंगत समजा. वरणासाठी तूर आणि हरभऱ्याची डाळ मिळून निदान १० किलो हवी. तूर १२० रुपये, हरभऱ्याची डाळ ८० रुपये. पैसे फार तर १,१२० रुपये. शिवाय जेवणानंतर गाणे आहे. म्हणून हरभऱ्याची डाळ तुरीपेक्षा अधिक नको, नाही तर गळे आणि पोटे दोन्ही बसतील.

कागदावर आडवी रेघ तुरीची, उभी हरभऱ्याची, असे धरून या तीन अटी तीन सरळ रेषांनी आखल्या, तर मध्ये एक छोटा त्रिकोण उरतो. त्रिकोणातला प्रत्येक बिंदू म्हणजे निभणारी पंगत. बाहेरचा प्रत्येक बिंदू म्हणजे कोठे तरी फजिती. ‘रेषीय’ या शब्दाचा अर्थ एवढाच की या मर्यादा सरळ रेषांच्या आहेत.

त्या त्रिकोणाला तीन कोपरे आहेत आणि प्रत्येक कोपऱ्यावर घरातले एकेक माणूस उभे आहे. पहिला कोपरा पाच किलो तूर, पाच किलो हरभरा: खर्च १,००० रुपये, सर्वांत कमी. तेथे खर्चाची वही सांभाळणारे अण्णा आहेत. दुसरा कोपरा आठ किलो तूर, दोन किलो हरभरा: खर्च पुरा १,१२०, पण तूर जास्तीत जास्त. तेथे वरणाच्या चवीला जपणाऱ्या काकू आहेत. तिसरा कोपरा दोन्ही डाळी ५.६ किलो: खर्च तेवढाच, पण एकूण डाळ सर्वांत अधिक, ११.२ किलो. तेथे ऐन वेळी पाने वाढतील म्हणून धास्तावलेले मामा आहेत. तिघांचेही बरोबर आहे. भांडण गणितात नसून हेतूत आहे. कोणत्या गोष्टीला मान द्यावयाचा ते एकदा ठरले, की कोणत्या कोपऱ्यावर जावयाचे ते आपोआप ठरते. सरळ रेषांच्या मर्यादांत उत्तम उत्तर असलेच, तर ते कोणत्या तरी कोपऱ्यावर सापडतेच. या शास्त्राचा हा पाया होय.

जेव्हा उत्तरच नसते

आता तूर १७० रुपये झाली असे धरा. बाकी सगळे तसेच. सर्वांत स्वस्त पंगत पाच अधिक पाच किलोची. तिलाच १,२५० रुपये लागतात. हाताशी १,१२०. त्रिकोण नाहीसा झाला. कागदावर अशी एकही जागा उरली नाही जेथे तिन्ही अटी एकदम पाळल्या जातील. कोठपर्यंत निभले असते तेही काढता येते: तूर १४४ रुपयांपर्यंत चढली तरी पंगत होते, त्यापुढे होत नाही.

या ठिकाणी वाचकांनी थोडे थांबावे, कारण या विषयाचे खरे मोल मला येथे वाटते. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले. ज्या घरांचे उत्पन्न दरबारशी बांधलेले होते, त्या घरांत रीतिभाती तशाच राहिल्या आणि मिळकत मात्र ठरावीक झाली. सणवार तेच, आल्यागेल्याचे पान तेच, आणि भाव वर्षागणिक वर. अशा घरांतून एक वाक्य नेहमी ऐकू येई, अजूनही येते: ‘तुमच्या हाताला बरकत नाही’. हे वाक्य बहुधा घरातल्या बाईला उद्देशून असते. सासूबाईंच्या काळी एवढ्यात भागत होते, मग आताच का भागत नाही?

असमानतेचे गणित या प्रश्नाला स्वच्छ उत्तर देते. भागत नाही याची कारणे दोन असू शकतात. एक, उत्तर आहे पण आपल्याला ते सापडलेले नाही. तेथे काटकसर, हुशारी, सुगरणपणा यांना वाव आहे. दुसरे, उत्तरच नाही. तेथे अन्नपूर्णा जरी पदर खोचून उभी राहिली, तरी पाच-पाच किलो डाळ १,१२० रुपयांत येणार नाही. दुसऱ्या प्रसंगी पहिल्याचा दोष देणे हा अन्याय होय. तेथे तीनच मार्ग असतात: पैसे वाढवावेत, पाने कमी करावीत किंवा वरणाची अट सैल करावी. यांतले काय करावयाचे ते सगळ्या घराने मिळून ठरवावयाचे असते. ते न ठरवता पिशवी एकीच्या हाती देऊन ‘बसव एवढ्यात’ म्हणणे हे गणितातही बसत नाही आणि माणुसकीतही बसत नाही. ज्या घरात महिन्याच्या आरंभी मर्यादा कागदावर लिहिल्या जातात, तेथे निदान एवढे तरी कळते की नडते आहे ती अट कोणती.

डाळीपासून दूरध्वनीपर्यंत

घरची ही विवंचना मोठ्या शास्त्रज्ञांनीही क्षुद्र मानली नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर याने १९४५ मध्ये असा प्रश्न मांडला की एका माणसाला लागणारी नऊ पोषणतत्त्वे निदान प्रमाणात मिळावीत आणि खर्च कमीत कमी व्हावा, असा वर्षाचा आहार कोणता? त्याने ७७ पदार्थ तपासले आणि १९३९ च्या भावांनी वर्षाला ३९.९३ डॉलरचा हिशेब काढला. त्यात गव्हाचे पीठ, आटवलेले दूध, कोबी, पालक आणि वाळवलेला पांढरा घेवडा एवढेच होते. म्हणजे पोळी, भाजी आणि उसळ! १९४७ मध्ये जॉर्ज डँटझिग याने कोपऱ्यावरून कोपऱ्यावर जाण्याची आपली रीत शोधली. तिची परीक्षा या प्रश्नावर झाली, तेव्हा नऊ कारकुनांनी मिळून १२० माणूस-दिवस यंत्रांवर आकडेमोड केली आणि उत्तर आले ३९.६९ डॉलर. स्टिग्लरचा अंदाज अवघ्या २४ सेंटांनी चुकला होता.

याच डँटझिगने पुढे स्वतःसाठी पोट भरेल असा पथ्याचा आहार यंत्राकडून काढून घेतला. यंत्राने सांगितले की पाचशे गॅलन व्हिनेगर प्यावे. ही हकिकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. व्हिनेगर फार तर किती, ही अट कोणी घातलीच नव्हती. जी मर्यादा माणसाला सांगावीच लागत नाही, ती यंत्राला सांगावी लागते. उदाहरणे सोडवताना ‘डाळ शून्यापेक्षा कमी असू शकत नाही’ असे लिहावयास मास्तर का लावतात, त्याचे कारण हेच.

कोपऱ्यांची रीत व्यवहारात उत्तम चालली. तथापि १९७२ मध्ये क्ली आणि मिन्टी यांनी असे प्रश्न रचून दाखवले की त्यांत ती रीत प्रत्येक कोपऱ्याला भेट देत बसते. वस्तू दोन असताना कोपरे मोजता येतात. तशा रचनेत वस्तू वीस झाल्या की कोपरे १०,४८,५७६ होतात. १९७९ मध्ये रशियन गणिती खाचियान याने निराळी रीत दिली. ती सिद्धान्तात निर्दोष होती, पण प्रत्यक्षात संथ.

आणि येथे आपले ग्वाल्हेर येते. येथल्याच एका मराठी कुटुंबात जन्मलेले नरेंद्र करमरकर यांनी मुंबईच्या आय. आय. टी.तून १९७८ मध्ये पदवी घेतली आणि पुढे अमेरिकेत बर्कले येथून १९८३ मध्ये डॉक्टरेट मिळवली. १९८४ मध्ये, वयाची तिशीही झालेली नसताना, बेल प्रयोगशाळेत काम करीत असता त्यांनी नवी रीत प्रसिद्ध केली. कल्पना अशी: किल्ल्याच्या एका बुरुजावरून दुसऱ्यावर तटातटाने फिरत बसण्यापेक्षा मैदानातून सरळ चालत जावे. प्रत्येक पावलाला नकाशा असा ताणून घ्यावा की आपण उभे आहोत ती जागा मध्यावर यावी. मग जाण्याची दिशा निवडणे सोपे होते. ही रीत सिद्धान्तातही जलद आणि व्यवहारातही. नोव्हेंबर १९८४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. १९८८ मध्ये कंपनीला या रीतीचे पेटंट मिळाले, तेव्हा गणिताच्या रीतीची अशी मालकी घेता येते का, यावर पुष्कळ वाद झाला. काही गणितज्ञांनी जुन्या एका पद्धतीशी तिचे नातेही दाखवले. परंतु आतून जाण्याची वाट खुली झाली ती कायमची. दूरध्वनीचे जाळे, विमानांची वेळापत्रके, कारखान्यांचे उत्पादन असे हजारो अटींचे प्रश्न आज संगणक सोडवतात ते कोपऱ्यांच्या आणि आतल्या वाटेच्या, अशा दोन्ही रीतींनी. २००० मध्ये करमरकरांना या कामासाठी संगणकशास्त्रातले कानेलाकिस पारितोषिक मिळाले.

या गावाचे नाते त्याहूनही जुने आहे. किल्ल्याच्या चढावर चतुर्भुज मंदिर आहे. तेथल्या ८७६ च्या शिलालेखातले शून्य पाहावयास परदेशी गणिती येतात. पण तो लेख मुळात हिशेबाचा आहे: २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जागा फुलबागेसाठी, आणि देवाला रोज ५० माळा. बाग ५०,४९० चौरस हातांची, म्हणजे एका माळेमागे सुमारे हजार चौरस हात. फुलांचा बहर कमीजास्त होतो, माळांचा आकडा होत नाही. तेव्हा ज्या माळ्यांवर हे काम होते, त्यांना रोज पहाटे ‘निदान पन्नास’ हेच गणित सोडवावे लागत असणार.

घरातल्या मुलाला हे गणित शिकवावयाचे असेल, तर पुस्तकाआधी बाजारची यादी द्यावी. प्रत्येक ओळीपुढे त्याला ‘निदान’ की ‘फार तर’ ते लिहावयास सांगावे, हाताशी किती रुपये आहेत ते वर लिहावे, आणि मगच क्ष मांडावयास लावावा. यादी बसली तर कोणत्या कोपऱ्यावर बसली ते विचारावे. न बसली तर कोणती अट नडली ते शोधावयास लावावे. आणि ती यादी मग अण्णा, काकू आणि मामा या तिघांनाही वाचून दाखवावी.